चार तास की चौदा

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मुकुलचा फोन. पावणेचार मिनिटं. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली पहिली पंधरा हुबळीच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये. फोन कानाला लागला की डोळे घड्याळाकडे जातात. ही खोड आता जायची नाही.

मुद्दा असा की चिरंजीवांना बाबांच्या टेपा हव्या आहेत. राघवेंद्रने जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि सुट्टीत कॅमेरा घेऊन मुकुलच्या मागे फिरला. एकशे बारा टेपा. निवृत्तीनंतर दोन वर्षं बसून त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. एक तासाची टेप उतरवायला एक तास. मी म्हणायची, दुकानात देऊन टाक की. तो म्हणायचा, दुकानदार बघणार आहे का ती टेप? त्या एकशे बारा टेपांत तो स्वतः कुठेही नाही. कॅमेऱ्यामागे असायचा. फक्त आवाज आहे.

कॉम्प्युटर २०११चा. मुकुलच्या मते तो आता घरात ठेवणं धोक्याचं आहे. मीही त्याच्यापेक्षा बरीच जुनी आहे, हे मी बोलले नाही. शनिवारी, पंधरा नोव्हेंबरला सकाळी येणार, सगळं एका नव्या डिस्कवर घेणार आणि संध्याकाळच्या गाडीने बंगळूरला परत. "त्याचे पोर्ट जुने आहेत, आई. खूप वेळ लागेल. प्रभंजनकाकांना विचार, नवीन पोर्टचं कार्ड बसतं का. मग एका दिवसात होईल."

एका दिवसात. दाताच्या डॉक्टरकडेही लोक दोनदा जातात.

३० ऑक्टोबर, गुरुवार

प्रभंजनच्या दुकानात गेले. तो माझ्याच एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होता. नोकरी सोडून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं, आता पन्नाशी उलटली तरी मला अक्काच म्हणतो. दारावर इंग्रजीत पाटी: ‘वुई रिपेअर ऑल काइंड ऑफ कॉम्प्युटर्स’. काइंडला एस लाव म्हणून गेली अकरा वर्षं सांगते आहे. शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणाऱ्या सिस्टर बर्नाडेटने अशा पाटीवर शाई ओतली असती. प्रभंजन म्हणतो, एस नसल्यामुळे एकही गिऱ्हाईक परत गेलेलं नाही.

त्याने नीट समजावून सांगितलं, ते लिहून ठेवते. आपल्या कॉम्प्युटरला समोर दोन पोर्ट आहेत, काळे. ते जुन्या पद्धतीचे. नवीन कार्ड कॅबिनेटच्या मागच्या बाजूला बसतं, त्याला दोन निळे पोर्ट असतात. मुकुल आणणार त्या डिस्कच्या वायरचं टोकही निळं असणार. निळं निळ्यात घातलं तर चार तास. निळं काळ्यात घातलं तर चौदा.

मी विचारलं, काळ्यात जातं का मुळात?

"जातं की, अक्का. पण मग ते चालत जातं. पळत नाही."

आपल्या कॉम्प्युटरमध्ये कार्डासाठी एक जागा रिकामी आहे, ते त्याने मागे घरी आला होता तेव्हा बाहेरूनच पाहून ठेवलं होतं. अर्ध्या तासाचं काम, म्हणाला. कधी येऊ? मी म्हटलं, विचार करून सांगते. तो हसला. एवढ्याशा कार्डाला काय विचार, असं त्याला वाटलं असणार. त्याला काय जातंय.

घरी येऊन हिशेब घातला. सकाळी दहाला डिस्क लावली तर चार तासांनी दोन वाजतात. म्हणजे जेवण, हात धुणं, गाडी. चौदा तासांनी रात्रीचे बारा. तेव्हा गाडी नाही. हे फक्त नोंद म्हणून लिहिते आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

मुकुलने डिस्क आधीच कुरिअरने पाठवून दिली. तेवढाच त्याचा वेळ वाचला. पत्त्यांच्या डबीएवढी काळी वस्तू. निळं टोक. एकशे बारा टेपा ह्यात मावणार, आणि वर जागा उरणार म्हणे.

विचार केला. जुन्या यंत्राला नवीन अवयव लावणं मला मुळातच पटत नाही. चौदा वर्षं जे बिनतक्रार चाललं ते उघडायचं कशाला? प्रभंजनच्या हातून दुसरीच एखादी वायर सुटली तर? राघवेंद्रने दोन वर्षं बसून केलेलं काम आहे. शिवाय एकदाच तर कॉपी करायचं. एका दिवसाच्या कामासाठी कायमचं कार्ड. ही सगळी कारणं खरी आहेत.

यल्लव्वाने झाडता झाडता विचारलं, मुकुलप्पा येणार म्हणे, गादी उन्हात घालू का? मी म्हटलं, संध्याकाळी जाणार आहे, गादीवर कोण निजणार, मांजर? ती गप्प बसली. बावीस वर्षं आहे आमच्याकडे, कधी गप्प बसायचं ते तिला कळतं. तिचं ते गप्प बसणं मला आवडत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काल लिहिलं नाही ते आज लिहिते. डायरीत खोटं लिहायचं तर डायरी ठेवायची कशाला.

मुकुल दर दोन महिन्यांनी इकडे येतो. हुबळीजवळ तारिहाळला त्याच्या कंपनीचं कसलंसं काम असतं, एका कारखान्यात. तीन-तीन दिवस असतो. आणि राहतो हुबळीत, हॉटेलात. धारवाडला एका दुपारी येतो, जेवतो, बाबांच्या फोटोसमोर उभा राहतो आणि जातो. वीस किलोमीटरवर आईचं घर असताना माणूस हॉटेलात राहतो. शेजारपाजारचे विचारतात तेव्हा मी सांगते, कंपनीचा नियम आहे.

नियम वगैरे काही नाही. फेब्रुवारीत राघवेंद्रचं वर्षश्राद्ध झालं. त्या दिवशी वेदश्री, माझी सून, पाठीमागच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली होती आणि मुकुल दर दहा मिनिटांनी फोन घेऊन अंगणात. गुरुजी ताटकळले. मी सगळ्यांसमोर म्हटलं, की तुम्ही दोघं इथे तपासणीला आल्यासारखे येता, सही करता आणि जाता. बाप गेला तेव्हाही तू शेवटच्या पंधरा मिनिटांना पोचलास.

पोचला होता. पंधरा मिनिटं आधी पोचला होता. रात्रभर गाडी चालवत आला होता.

मी जे बोलले ते व्याकरणदृष्ट्या आणि वस्तुस्थितीदृष्ट्या बरोबर होतं. त्या दिवसापासून तो ह्या घरात एक रात्र निजलेला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मुकुलचा मेसेज. ‘प्रभंजनकाकांशी बोललीस का? कार्ड बसणार असेल तर संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढतो, नाहीतर रविवारचं बघावं लागेल.’

उत्तर दिलं नाही. विचार चालू आहे असं लिहिणार होते, पण कार्डाचा इतका काय विचार, असं त्यालाही वाटेल.

दिवसभर उगीच एक बाई आठवत राहिली. हुबळीच्या दाजीबानपेठेतली कापडदुकानाची मालकीण. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. ट्रंक कॉलचे तेव्हा तीन प्रकार. ऑर्डिनरी म्हणजे लागेल तेव्हा लागेल, अर्जंट, आणि सगळ्यात महाग तो लाइटनिंग, ताबडतोब. ही बाई दर महिन्याला सोलापूरच्या मुलाला ऑर्डिनरी कॉल लावायची. परवडत नव्हता म्हणून नव्हे. सकाळी बुक करायची आणि दिवसभर फोनजवळ बसायची. मध्ये मध्ये आम्हालाच विचारायची, लागला का गं, बाळ. दुपारी, संध्याकाळी. एकदा मी म्हटलं, अहो अर्जंट करा, तासाभरात लागेल. ती म्हणाली, मग उरलेला दिवस काय करू?

तीन मिनिटं झाली की मी मध्ये जायची: थ्री मिनिट्स ओव्हर, प्लीज. बाकीच्या मुली तिला मिनिटभर सोडायच्या. मी कधी नाही. एकदा तर तिचं ‘आणि ऐक’ एवढंच तोंडातून निघालं होतं. नियम म्हणजे नियम. त्याबद्दल मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली होती.

ती बाई का आठवली कोण जाणे.

८ नोव्हेंबर, शनिवार

ठरवलं. कार्ड बसवायचं.

रात्री झोप आली नाही आणि पहाटे स्वच्छ दिसलं की मी काय करते आहे. पोर्टचं निमित्त करून कुणाला घरात अडकवून ठेवणारी बाई मी नव्हे. ज्याला राहायचं आहे तो पोर्ट न बघता राहील. ज्याला जायचं आहे त्याने चार तासांत जावं, तीन तासांत जावं. मी काही भीक मागत नाही.

मुकुलला इंग्रजीत कळवलं, पूर्ण विरामचिन्हांसकट, की कार्ड मंगळवारी बसेल, चार तास पुरतील, त्याने संध्याकाळचं तिकीट काढावं. त्याचं अंगठ्याचं चित्र आलं. तेहतीस वर्षं लोकांचे निरोप पोचवले, पण असा निरोप एकाही माणसाने दिला नव्हता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

प्रभंजन आला. टेबल पुढे ओढलं, कॅबिनेट उघडलं. आत चौदा वर्षांची धूळ. ब्रशने झाडताना म्हणाला, "अक्का, सरांच्या वेळचीच आहे ही." मी म्हटलं, धूळ धूळ असते, काढून टाक. मग तो कॉफी प्यायला बाहेर आला तेव्हा मी एकदा आत वाकून बघितलं. सगळी गेली होती. चांगलं साफ करतो.

बोटभर हिरवी पट्टी, मागे दोन निळे पोर्ट. मी दहा वेळा विचारलं, टेपांना काही होणार नाही ना. "एनू आगंगिल्ल, बिडरी," म्हणाला. काही होत नाही, सोडा. मग त्याने मुकुलची डिस्क मागे लावून एक टेप नमुन्याला पाठवली. मी कॉफीचा कप घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि परत आले, तर झालीसुद्धा. जी टेप उतरवायला राघवेंद्र तासभर बसला होता. तासभर, एका पायावर दुसरा पाय टाकून.

प्रभंजन माझ्या तोंडाकडे बघत होता. कौतुक हवं होतं त्याला. म्हटलं, छान झालं.

टेबल पुन्हा भिंतीला लावून गेला. कॅबिनेटची पाठ आता भिंतीकडे. जाताना सांगून गेला, त्या दिवशी टेबल जरा ओढून घ्या, मग मागचं दिसेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

यल्लव्वाला गादी उन्हात घालायला सांगितली. उशा आणि रजईपण. डिसेंबरपर्यंत ठेवलं तर ढेकूण होतात.

बाजारातून वांगी आणली. एणगाई, म्हणजे आपली भरली वांगी, करणार. बारीक, काट्याची वांगी मिळाली. एका जेवणाला अर्धा किलो पुष्कळ होतात. दीड किलो आणली. भाजीवाली ऐकत नव्हती.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल लिहायला वेळ मिळाला नाही. क्रमाने लिहिते.

मुकुल काल सकाळी सातला आला. बसमध्ये झोप झाली नव्हती, डोळे लाल. आंघोळीला गेला. वेळ दवडायला नको म्हणून मी कॉम्प्युटर सुरू केला आणि डिस्क लावली. टेबल एकटीने ओढणं माझ्या गुडघ्यांना जमण्यासारखं नाही आणि यल्लव्वा अजून आली नव्हती. हात समोर गेला, समोर पोर्ट होता, त्यात घातली. एकशे अकरा टेपा एकदम निवडल्या, नमुन्याची आधीच गेली होती, आणि कॉपी सुरू केली. ते अगदी सहज झालं. प्रभंजन म्हणाला होता तसंच, निळं काळ्यात बिनबोभाट जातं.

तो डोकं पुसत आला. पडद्याकडे बघितलं. चौदा तास दहा मिनिटं शिल्लक, असं लिहिलं होतं.

"कार्ड बसवलंय ना?"

म्हटलं, मंगळवारीच बसवलं. हे खरंच आहे.

त्याने मोबाइलचा दिवा लावला, टेबलाच्या कडेला गुडघ्यांवर बसला आणि मागे डोकं घातलं. स्पीकरची वायर सैल झाली असेल ती बघतो, म्हणाला. बराच वेळ तिथेच होता. मी पोहे ढवळत होते. नुसत्या एका वायरीला इतका वेळ. मी विचारलं, जाळी आहेत का रे मागे? म्हणाला, नाहीत, प्रभंजनकाकांनी छान साफ केलंय. मग उठला, गुडघे झटकले आणि समोर, डिस्क जिथे लावली होती तिथे, थोडा वेळ बघत उभा राहिला. कान लाल झाले होते. बाप हसू दाबायचा तेव्हा त्याचेही कान असेच व्हायचे, पण ह्यात हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही.

"कार्ड जरा हळूच आहे गं," म्हणाला.

म्हटलं, असेल.

"मग आता मध्येच थांबवायला नको. सुरू झालंय ते होऊ दे." फोन काढून त्याने संध्याकाळचं तिकीट रद्द केलं, रविवार दुपारचं काढलं. माझ्यासमोर, दोन मिनिटांत. आणि विचारलं, "रात्री जेवायला काय आहे?"

आता एक गोष्ट इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा मुलगा बंगळूरला एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो. हाताखाली तीस माणसं आहेत म्हणे. आणि डोळ्यांसमोर दोन निळे पोर्ट रिकामे असताना, हातात दिवा असताना, त्याला दिसू नये? ह्याच्या शिक्षणावर आम्ही काय काय केलं. राघवेंद्र असता तर एका क्षणात बोट ठेवलं असतं. मी सांगणार होते, ओठांवर आलं होतं. पण तिकीट रद्द होऊन गेलं होतं.

दुपारी कॉपी होता होता त्याने एक टेप लावली. असं केलं तर आणखी वेळ लागतो, हे त्यानेच सांगितलं आणि त्यानेच लावली. धारवाड स्टेशन. मुकुल सतरा वर्षांचा, सुरथकलला इंजिनीयरिंगच्या हॉस्टेलवर निघालेला. मी डब्याच्या खिडकीशी, त्याला झापत होते. पाण्याची बाटली इथे का ठेवलीस, खिडकीतून हात बाहेर काढू नकोस, पेटीची किल्ली कुठे आहे, दाखव, आत्ता दाखव. पाच मिनिटं. माझा आवाज असा होता? पत्र्यावर नखं ओढल्यासारखा. मी मुकुलला विचारलं. म्हणाला, "होता. अजून आहे." आणि सकाळच्या उरलेल्या पोह्यांची ताटली पुसून खाल्ली.

गाडी हलली. मला वाटलं टेप संपली. पण राघवेंद्रने कॅमेरा बंद केला नव्हता. गाडी जाते, फलाट रिकामा होतो, आणि मी उभी. हातात मुकुलचा डबा. द्यायचा राहिला होता, बडबडीत. मी त्या डब्याकडे बघते आणि परत रुळांकडे. मग पदर. राघवेंद्रचा आवाज येतो, अगदी कॅमेऱ्याच्या जवळून, "चल गं, जयू. गेली गाडी." मी म्हणते, "दोन मिनिटं थांब." आणि तो थांबतो. दोन मिनिटं नुसता रिकामा फलाट आणि माझी पाठ. हिशोबी माणूस, टेप अशी वाया घालवायची म्हणजे कमाल आहे.

मुकुलने ही टेप कधी पाहिली नव्हती. तो तर गाडीत होता. त्याने शेवटची दोन मिनिटं पुन्हा लावली. मग पुन्हा एकदा. मग म्हणाला, "डब्यात काय होतं?"

म्हटलं, एणगाई.

मी फेब्रुवारीचं काही बोलणार होते, वाक्यही तयार केलं होतं, व्यवस्थित. पण जमलं नाही. म्हटलं, "त्या दिवशी तू वेळेवर पोचला होतास. बाबांनी तुला ओळखलं होतं." कुठला दिवस ते त्याने विचारलं नाही. पडद्याकडे बघतच मान हलवली आणि उठून खिडकी उघडली.

रात्री त्याच्याच खोलीत झोपला. मी नेहमीच्या वेळी झोपले. सकाळी बघितलं तर एकशे अकराच्या एकशे अकरा टेपा गेल्या होत्या आणि तो नऊपर्यंत घोरत होता, तोंड उघडं टाकून.

दुपारी निघताना डिस्क पिशवीत घातली आणि कॉम्प्युटरवर आपल्या बापाचा जुना टॉवेल टाकला. म्हटलं, आता हे भंगारात द्यायचं ना? तर म्हणाला, एवढ्यात नको. वेदश्रीकडे तिच्या आईचे जुने व्हिडिओ आहेत, ते इथे आणून सगळे एकत्र करायचे आहेत. जानेवारीत दोघं येऊ. भरपूर आहेत, दोन-तीन दिवस लागतील.

फाटकाशी वळला. "आणि आई, डिस्क समोरच लावायची हं. मागचं कार्ड काही खरं नाही."

इंजिनीयर म्हणे. मी बरं म्हटलं. उगीच चारचौघांत त्याचं अज्ञान कशाला दाखवा.

संध्याकाळी प्रभंजनचा फोन. कार्ड नीट चाललं का? म्हटलं, उत्तम. एकदम पळालं. त्या बिचाऱ्याचा ह्यात काही दोष नाही. आणि पाटीवरच्या काइंडला एस लाव, असंही सांगितलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

यल्लव्वा गादी गुंडाळून माळ्यावर टाकायला निघाली होती. म्हटलं, राहू दे खालीच. चढउतार करून खराब होते.